सिम्युलेशनमध्ये मेश बदलली की केशनळीतल्या पाण्याचा वेग बदलतो, त्यावर मला लागू पडलेला उपाय

शिरोली एमआयडीसीत मशीनशॉप असलेल्या मित्राला कूलंट बारीक फटीत किती वेगानं शिरतं ते बघायचं होतं. आधी सोपं म्हणून ओपनफोम या प्रवाहाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या इंटरफोममध्ये (पाणी-हवा असे न मिसळणारे दोन प्रवाह एकत्र सोडवणारा भाग) १ मिमी व्यासाच्या स्वच्छ काचेच्या नळीत पाणी चढवलं. शेवटची उंची सुमारे २९ मिमी, अगदी हिशेबाप्रमाणे. चढण्याचा वेग मात्र मेश (गणितासाठी नळीतली जागा ज्या छोट्या सेलमध्ये वाटतात ती जाळी) बारीक केली की कमी व्हायचा, कुठं स्थिरावेचना.

भिंतीवर वेग शून्य धरला तर पाण्याची काचेला टेकलेली कड सरकायलाच नको. तिथं बल अनंत होतं, हे हुह आणि स्क्रिव्हन या संशोधकांनी १९७१ मध्येच दाखवलंय. तरी कड सरकते ती सेलच्या जाडीमुळं. म्हणजे पाणी भिंतीवर किती घसरतं ते मेश ठरवते!

म्हणून नाव्हिएची अट घातली: भिंतीवरचा वेग = घसरण-लांबी λ × वेगाचा उतार (भिंतीपासून दूर जाताना वेग किती झपाट्यानं वाढतो ते). ओपनफोमची पार्शलस्लिप अट λ घेत नाही, ० ते १ मधला व्हॅल्यूफ्रॅक्शन नावाचा आकडा घेते (० म्हणजे पूर्ण घसरण, १ म्हणजे अजिबात नाही). तो असा काढायचा: d/(d+λ). d म्हणजे भिंतीपासून पहिल्या सेलच्या केंद्राचं अंतर. λ १० मायक्रॉन, d २.५ मायक्रॉन असेल तर ०.२. सेलची जाडी निम्मी केली की ०.१११. खरी गोम इथंच आहे, आकडा तोच ठेवला तर λ गुपचूप बदलते.

λ एवढ्या अंतरात चार-पाच सेल बसवले आणि वेगवेगळ्या मेशवरचे वेग एकमेकांशी जुळायला लागले. खरी λ नॅनोमीटरमध्ये असते, त्यामुळं हा वेग थोडा जास्तच येणार. मित्राला आकडा देण्याआधी प्रत्यक्ष नळीत मोजून ताडून बघतोय.