भाव दिसतो, घेणारा दिसत नाही : खान्देशातून डीलिंग आणि रिस्कच्या नोकरीत येणाऱ्यांसाठी

जळगाव, चाळीसगाव, शिरपूर, शहादा, कुठूनही फोन आला तरी प्रश्न एकच असतो, "दादा, शेअर मार्केटच्या लाइनीत यायचंय, सुरुवात कुठून करू?" डिमॅट म्हणजे काय, फ्युचर-ऑप्शन म्हणजे काय, हे विचारणाऱ्याला बहुतेक ठाऊकच असतं, म्हणून ते इथे सांगत बसत नाही. मी आधी डीलिंग टर्मिनलवर, म्हणजे क्लायंटच्या ऑर्डर टाकायला होतो, आता ब्रोकरकडे आरएमएसला, म्हणजे रिस्क बघायला बसतो. ज्या एका जागी मी सगळ्यात जास्त काळ अडकलो, ती जागा नीट दाखवतो. बाकीचं भराभर.

आधी एक गोष्ट तोंडावर सांगतो. घरच्या पैशाने ट्रेडिंग करून पोट भरणं आणि या क्षेत्रात नोकरी करणं, हे दोन वेगळे रस्ते आहेत. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे काढले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या शंभर वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ जण तोट्यात होते आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर गेला होता. वडिलांच्या कापसाचे पैसे घेऊन ऑप्शन बायिंगला बसायचा विचार असेल तर हात जोडून सांगतो, बसू नका. नोकरीचा रस्ता मात्र साध्या बी.कॉम. मुलालाही खुला आहे. मराठी माध्यम, छोटं गाव, अडखळतं इंग्रजी, यातलं काहीही आडवं येत नाही. हे मी धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही. माझ्या आजूबाजूला बसलेले निम्मे लोक असेच आलेले आहेत.

आपल्याकडे घरात विषय निघाला की अमळनेरच्या विप्रोचा दाखला हमखास येतो. कंपनी १९४५ साली तिथे वनस्पती तुपापासून सुरू झाली, गावातल्या लोकांनी शेअर घेतले, पिढ्यानपिढ्या ठेवले आणि श्रीमंत झाले. गोष्ट खरी आहे आणि अभिमानाची आहे. पण ती शेअर न विकल्याची गोष्ट आहे. तुम्ही ज्या टेबलावर बसणार आहात तिथे दिवसभर विकावं लागतं, आणि तेही समोरचा घ्यायला तयार नसताना. ती विद्या वेगळी.

आता ती जागा. स्क्रीनवर जो भाव दिसतो तो एलटीपी, म्हणजे शेवटचा सौदा ज्या भावाने झाला तो. तो सौदा एक सेकंदापूर्वीचा असेल किंवा पाऊण तासापूर्वीचा. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. बोर्डावरचा भाव एक आणि व्यापारी बागेत येऊन देतो तो दुसरा, हे त्याला पाठ असतं. पण तोच माणूस मोबाइलवर ऑप्शनचा भाव बघतो तेव्हा तो आकडा आपल्या खिशात आहे असं धरून चालतो. मीही बराच काळ तसंच धरून होतो, आणि शिकवणाऱ्यांपैकी कोणी ते मोडून काढलं नाही.

समजा एका मधल्या कंपनीच्या शेअरचा ऑप्शन आहे आणि लॉट, म्हणजे एका वेळी घ्यावा लागणारा गठ्ठा, ५०० चा आहे. तुमच्या क्लायंटकडे दहा लॉट, म्हणजे ५००० नग आहेत. एलटीपी १८.४० आहे. सिस्टिम त्याची किंमत ९२,००० दाखवते. आता मार्केट डेप्थ, म्हणजे कोणत्या भावाला किती नग घ्यायला-विकायला लोक उभे आहेत ती यादी, उघडा आणि खरेदीच्या बाजूच्या पाच ओळी वाचा : १४.१० ला ५००, १३.५० ला ५००, १२ ला १०००, ९.५० ला १५००, ७ ला १५००. दहा लॉट एकदम विकले तर हातात येतात ५०,५५०. नगामागे सरासरी १०.११. बाजार तसूभरही हललेला नाही, शेअरचा भाव तोच आहे, तरी ४१,४५० रुपये गेले. ते पैसे तिथे कधी नव्हतेच. पाच ओळी आधी वाचल्या असत्या तर कळलं असतं.

हे गणित कागदावर स्वतः करा. वाचून सोडून देऊ नका. मग रिस्कच्या खुर्चीवर बसल्यावर काय होतं ते बघा. सिस्टिम म्हणते क्लायंट सुरक्षित आहे, ९२,००० ची पोझिशन आहे. मार्जिन, म्हणजे तारण म्हणून ठेवलेले पैसे, कमी पडलं म्हणून तुम्ही ती कापता, म्हणजे विकून टाकता, आणि कापल्यावर खात्यात डेबिट, म्हणजे देणं उभं राहतं. ते क्लायंटने भरलं नाही तर ब्रोकरच्या अंगावर येतं. म्हणून माझी पद्धत साधी आहे : पोझिशनची किंमत मनातल्या मनात खरेदीच्या ओळींवरून काढायची, एलटीपीवरून नाही.

लोक मला म्हणतात, व्हॉल्यूम भरपूर आहे, ओपन इंटरेस्ट भरपूर आहे, मग लिक्विडिटी, म्हणजे माल सहज निघण्याची सोय, आहेच की. इथेच फसगत होते. व्हॉल्यूम म्हणजे होऊन गेलेले सौदे. ओपन इंटरेस्ट म्हणजे अजून न मिटलेले सौदे, अडकून बसलेली माणसं. आत्ता, या मिनिटाला घ्यायला कोण उभं आहे, हे फक्त डेप्थ सांगते, आणि तीही क्षणात बदलते. शेअर बाजाराच्या जुन्या रिंगणात जॉबर, म्हणजे स्वतःच्या हिशेबाने घेणारे-विकणारे, दोन्ही बाजूंचा भाव ओरडायचे. १९९४ ला एनएसई स्क्रीनवर आली तेव्हापासून मशीन फक्त ऑर्डर जुळवते, आधी भाव आणि मग वेळ या क्रमाने. मोजके अपवाद सोडले तर घ्यायचं बंधन कोणावर नाही. आज त्या ओळींतल्या बऱ्याचशा ऑर्डर मोठ्या फर्मच्या कॉम्प्युटरच्या असतात. मोठी बातमी फुटली की ते कॉम्प्युटर आधी ऑर्डर मागे घेतात आणि मग विचार करतात.

५ ऑक्टोबर २०१२ ला मुंबईतल्या एका ब्रोकरकडून ५९ चुकीच्या ऑर्डर गेल्या, साडेसहाशे कोटींच्या वरच्या. निफ्टी काही क्षणांत १५ टक्क्यांहून जास्त कोसळला आणि व्यवहार थांबवावे लागले. देशात त्या क्षणी वाईट असं काहीच घडलं नव्हतं. विकणारी ऑर्डर ओळीमागून ओळ खात खाली गेली, एवढंच.

स्टॉपलॉस, म्हणजे तोटा ठरावीक भावाला थांबवायची ऑर्डर, त्याबद्दलही याच हिशेबाने विचार करा. एनएसईने सप्टेंबर २०२१ पासून ऑप्शनमध्ये स्टॉपलॉस-मार्केट ऑर्डर, म्हणजे ट्रिगरचा भाव आला की मिळेल त्या भावाला विकणारी, बंद केली, कारण पातळ डेप्थमध्ये भलत्याच भावाला सौदे होत होते. आता स्टॉपलॉस-लिमिटच लावावी लागते, जी लिमिटच्या खाली विकत नाही. तुम्ही ट्रिगर ६० ला ठेवला, लिमिट ५८ ला. भाव ६५ वरून थेट ५२ ला आला. ट्रिगर लागला, तुमची ऑर्डर ५८ ला विकायला उभी राहिली, आणि घेणारा ५२ वर आहे. ती तशीच उभी राहते आणि भाव ३० ला जातो. क्लायंट फोनवर ओरडतो की मी तर स्टॉपलॉस लावला होता. लावला होता, हे खरंच आहे. ट्रिगर आणि लिमिट यांच्यात किती अंतर ठेवायचं याचं ठरलेलं उत्तर नाही. त्या ऑप्शनमधला खरेदी-विक्रीचा फरक बघून ते रोज ठरवावं लागतं. ज्या क्लासमध्ये "स्टॉपलॉस लावा आणि निर्धास्त व्हा" असं शिकवतात, तिथून फी परत मागा.

क्लासचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. टेलिग्रामचे कॉल आणि नफ्याचे स्क्रीनशॉट दाखवणारे सर, यांच्याकडून या नोकरीला लागणारं काहीही शिकता येत नाही. मी ज्यांच्याकडून शिकलो ते जळगावचे डाळीच्या व्यापारातले एक नाना. चण्याचे सौदे करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी कौतुकाने भाव सांगायला लागलो की ते अहिराणीत अडवायचे, "भाव नको सांगू, लेवाले कोन शे ते सांग," म्हणजे घेणारा कोण आहे ते सांग. ऑगस्ट २०२१ मध्ये चण्याच्या वायद्याची नवी पोझिशन घ्यायला बंदी आली, डिसेंबरमध्ये आणखी शेतमाल त्यात गेले. नुसतं जुनं काढायची मुभा राहिली, की घेणारे फक्त तेच उरतात ज्यांनी आधी विकलेलं आहे. नानांनी हे मला आकडे मांडून दाखवलं, आणि सरकारी आदेशानेही लिक्विडिटी आटते हे तेव्हा कळलं. असा एखादा माणूस शोधा. सराफ बाजारात सापडेल, जिनिंगवर सापडेल. साठ्याइतका सोन्याचा वायदा एमसीएक्सवर, म्हणजे कमोडिटीच्या एक्सचेंजवर, विकून हेज करणारा, म्हणजे भाव पडायचा धोका झाकणारा सराफ तुम्हाला जवळच्या आणि लांबच्या महिन्यातला फरक कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगला सांगेल.

मार्जिन भरलं म्हणजे धोका बांधला गेला, असंही समजू नका. २० एप्रिल २०२० आठवा. लॉकडाउनमुळे एमसीएक्स संध्याकाळी ५ वाजता बंद होत होतं. तेव्हा क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा एप्रिल वायदा हजाराच्या थोडा खाली होता. रात्री अमेरिकेत भाव शून्याच्या खाली, उणे ३७.६३ डॉलरला गेला, आणि आपल्याकडे सेटलमेंट झाली उणे २,८८४ रुपयांना. लॉट १०० बॅरलचा. जेमतेम लाखाच्या लॉटवर पावणेचार लाखांच्या आसपास तोटा, आणि बाहेर पडायला बाजारच उघडा नाही. त्या दिवशी किती मार्जिन घेतलं असतं तर पुरलं असतं, हा प्रश्न मुलाखतीत विचारतात. आकडा सांगू नका. एक्सपायरीच्या, म्हणजे वायदा संपायच्या दिवसापर्यंत ती पोझिशन ठेवू का दिली, इथून सुरुवात करा.

परीक्षांचं थोडक्यात. एनआयएसएम ही या क्षेत्रातल्या परीक्षा घेणारी सेबीची संस्था. रिस्क आणि ऑपरेशन्ससाठी तिची सिरीज ७, इक्विटी डेरिव्हेटिव्हच्या डीलरसाठी सिरीज ८, कमोडिटीसाठी सिरीज १६. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. वर्कबुक एनआयएसएमच्या साइटवर आहे, त्यासाठी हजारो रुपयांचा क्लास लावू नका. स्टॉक ऑप्शनची फिजिकल सेटलमेंट, म्हणजे शेवटी प्रत्यक्ष शेअर देणं-घेणं, आणि शेवटच्या चार दिवसांत चढत जाणारं डिलिव्हरी मार्जिन, हे दोन भाग नीट वाचा. नवीन मुलं तिथेच गडबडतात.

सराव करायचा तर पैसे लागत नाहीत. सकाळी बाजार उघडल्यावर, दुपारी आणि सव्वातीनला, वहीत खरेदी-विक्रीतला फरक आणि पाच ओळींतले नग लिहा. निफ्टीचा जवळचा ऑप्शन, एखाद्या मधल्या शेअरचा थोडा लांबचा ऑप्शन, गोल्ड मिनी या सोन्याच्या छोट्या वायद्याचा जवळचा महिना आणि लांबचा महिना. काही आठवड्यांनी वही चाळली की कुठे किती माल निघू शकतो याचा अंदाज हाताला येतो. मुलाखतीला ती वही घेऊन जा. मी समोर असेन तर आधी तीच बघेन.

शेवटचं, कारण हे कोणी सांगत नाही. तुम्ही आपल्या भागातल्या शाखेत लागलात तर क्लायंट ओळखीचे असतील. मामांचे शेजारी, शाळेतले सर, गल्लीतले आप्पा. मार्जिन कमी पडेल आणि ते म्हणतील, "अरे आपलाच माणूस आहेस, आज कापू नको, उद्या सकाळी टाकतो." फार जड जातं, अजूनही जातं. पण थांबलात आणि उद्या भाव आणखी पडला तर त्यांचंच कर्ज वाढतं. म्हणून फोन दुपारी एकच्या आत करा, तोही रेकॉर्ड होणाऱ्या लाइनवरून. किती कमी आहे, किती वाजेपर्यंत भरायचं, आणि आत्ता विकलं तर डेप्थनुसार हातात किती येतील, हे तीन आकडे स्पष्ट सांगा. तिसरा आकडा ऐकला की बहुतेक जण स्वतःच म्हणतात, निम्मं काढून टाक. त्या वेळी डेप्थमध्ये घेणारे असतात. तीननंतर तोच माल काढायला गेलात तर सगळ्या ब्रोकरांचे आरएमएसवाले तुमच्यासोबत त्याच ओळींवर विकायला उभे असतात.