पॉइंट टू-टूने 200 मीटर गाठताना : या चुका टाळा

पॉइंट टू-टूच्या, म्हणजे .22 इंच व्यासाच्या गोळीच्या रायफलच्या, काडतुसांच्या डबीवर ‘हाय व्हेलॉसिटी’ (जास्त वेगाची) दिसलं की हात तिकडेच जातो. माझाही गेला होता. ही गोळी सेकंदाला 370-380 मीटर वेगाने सुटते, पण शंभर मीटरच्या आतच ध्वनीच्या वेगाखाली येते आणि तिथेच डगमगते. त्यात वाऱ्याने ती संथ गोळीपेक्षा जास्त वाहते. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे. लांबच्या लक्ष्यासाठी 40 ग्रेन (सुमारे 2.6 ग्रॅम) गोळीची, सेकंदाला 325-330 मीटरची मॅच (स्पर्धेसाठीची) काडतुसंच बरी.

नाव बघून घेतलं आणि लॉट नंबर (एकाच खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) बघितलाच नाही, ही त्याहून महागात पडणारी चूक. एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे वागतात. वेगात सेकंदाला 10 मीटरचा फरक पडला, तर 50 मीटरवर फारसं कळत नाही. 200 वर गोळी दहा सेंटिमीटरहून जास्त वरखाली होते. म्हणून ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) उभा लांबत असेल तर आधी काडतुसावर संशय घ्या, आडवा पसरत असेल तर वाऱ्यावर. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असतेच, तेव्हा आधी दोन-तीन लॉटची एकेक डबी घ्या, आपल्या रायफलला मानवेल तोच लॉट मग भरा.

रायफल घेताना सगळे नळीची लांबी विचारतात, स्कोपचं (नेमाच्या दुर्बिणीचं) कुणी विचारत नाही. 50 मीटरला झिरो केलेली (नेम तिथे जुळवलेली) गोळी शंभरला वीतभर खाली लागते आणि 200 ला दीड मीटरहून जास्त. साध्या स्कोपचा टरेट (नेम वरखाली करायची चकती) तिथवर पोचण्याआधीच संपतो. उतरती रेल (स्कोप पुढे किंचित झुकवून बसवणारी पट्टी) लावली की सुटतं.

आपल्याकडे किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून मतलई वारा, दुपारी समुद्राकडून खारा वारा. सकाळचं करेक्शन दुपारी लावू नका.

पावसाळ्यात मी गंजाच्या भीतीने नळीत तेल सोडून ठेवलं होतं. पहिल्या दहा गोळ्या कुठे गेल्या देव जाणे, आणि मी बिचारा स्कोप फिरवत बसलो! कोरडं फडकं फिरवून, गोळीवरचं मेण नळीला बसेपर्यंत थोडे राउंड सोडायचे, तोवर टरेटला हात नको.

आणि सराव मान्यताप्राप्त रेंजवरच, मागे मातीचा भक्कम बांध बघून. ही चिमुकली गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि सड्यावरच्या जांभ्यावर आपटली तर कुठे उसळेल सांगता येत नाही.