ब्राझीलच्या विद्यार्थ्याला इंग्रजीची वरच्या पातळीची विशेषणं कशी शिकवावीत?

ऑनलाइन इंग्रजी शिकवताना ब्राझीलचा किंवा पोर्तुगालचा विद्यार्थी मिळाला, तर मराठी मुलांसाठी केलेली शब्दांची यादी आधी बाजूला ठेवा. आपल्या मुलांना घाम फोडणारी लांबलचक विशेषणं त्याला बहुतेक वेळा आयतीच कळतात. तो अडतो छोट्या, साध्या दिसणाऱ्या शब्दांपाशी.

कारण जुनं आहे. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच शिरली. विद्वानांची लॅटिन आधीपासून होतीच. इंग्रजीतले बरेचसे भारदस्त शब्द असे लॅटिन कुळातून आले, आणि पोर्तुगीज त्याच कुळातली.

म्हणून पहिल्या तासाला शेवटांच्या जोड्या लावून द्या. ‘-ओझु’चं ‘-अस’ होतं: आंबिसिओझुचं अँबिशस, पेर्निसिओझुचं (घातक) पर्निशस. ‘-आस’चं ‘-एशस’ होतं: तेनासचं (चिवट) टिनेशस. मात्र उच्चार लगेच करून घ्या. पोर्तुगीजमध्ये आघात ‘-ओझु’मधल्या ‘ओ’वर पडतो, इंग्रजीत ‘-अस’ अगदी हलकं राहतं. ही सवय सुरुवातीला लागली नाही तर चुकीचा आघात नंतर सुटता सुटत नाही.

दुसरी पायरी फसव्या जुळ्यांची. इथे घाई करू नका. ‘एस्किझितु’ म्हणजे विचित्र, पण इंग्रजीतलं ‘एक्स्क्विझिट’ म्हणजे अतिशय सुंदर, नाजूक कारागिरीचं. यजमानाने हौसेने सजवलेल्या घराला पाहुण्याने हे विशेषण लावलं, तर ब्राझीलच्या माणसाला टोमणा ऐकल्यासारखं वाटेल. ‘सेन्सीवेल’ म्हणजे हळवा. ‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस. ‘आतुआल’ म्हणजे सध्याचा. ‘ॲक्च्युअल’ म्हणजे प्रत्यक्षातला. सगळ्यात घातक जोडी ‘इनआबितावेल’ आणि ‘इनहॅबिटेबल’ची: पहिल्याचा अर्थ राहण्यास अयोग्य, दुसऱ्याचा राहण्यायोग्य! नुसते अर्थ पाठ करून घेऊन भागत नाही. प्रत्येक जोडीवर विद्यार्थ्याकडून दोन वाक्यं लिहून घ्या, एक इंग्रजी आणि एक पोर्तुगीज. तुम्हाला पोर्तुगीज येत नसलं तरी चालेल, फरक त्यानेच तुम्हाला समजावून सांगायचा.

तिसरी गोष्ट थोडक्यात: ओळखीचा शब्द प्रत्येक ठिकाणी शोभतोच असं नाही. ‘फेलीस’ हा पोर्तुगीजमध्ये रोजचा शब्द, म्हणजे आनंदी. त्याच मुळातून आलेला ‘फेलिसिटस’ इंग्रजीत पुस्तकी, आणि अर्थही वेगळा, समर्पक. बोलताना ‘हॅपी’च हवं.

आता खरी मेहनत. ब्लीक (उजाड, उदास), स्टार्क, श्रूड (चाणाक्ष), ब्रिटल (ठिसूळ) ही विशेषणं जुन्या जर्मॅनिक मुळांची, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातली. इथे पोर्तुगीजचा आधार मिळत नाही. शब्द एकटा शिकवलात तर टिकणार नाही, नेहमीच्या नामासोबत द्या. ‘स्टार्क’च घ्या: स्टार्क कॉन्ट्रास्ट म्हणजे डोळ्यांत भरणारा विरोध, स्टार्क वॉर्निंग म्हणजे स्पष्ट, कडक इशारा, स्टार्क चॉइस म्हणजे इकडे आड तिकडे विहीर अशी निवड. तिन्हींत काहीही झाकून न ठेवणारा उघडेपणा आहे. तो एकदा जाणवला की चौथा वापर विद्यार्थी स्वतः ओळखतो. ब्राझीलमध्ये हा शब्द ‘इस्टार्की’ असा निघण्याची शक्यता मोठी, कारण ‘स’च्या जोडाक्षराआधी आणि शेवटच्या ‘क’नंतर त्यांची जीभ ‘इ’ घालते. आधी लांब ‘स्स्स’ म्हणायला लावा, मग ‘टार्क’.

पुढची पायरी विशेषणाच्या जागेची. पोर्तुगीजमध्ये विशेषण सहसा नामानंतर येतं, आणि जागा बदलली की कधी अर्थही बदलतो. ‘ओमें ग्रांजी’ म्हणजे धिप्पाड माणूस, ‘ग्रांजी ओमें’ म्हणजे थोर माणूस. इंग्रजीत जागा ठरलेली, म्हणून शब्दच बदलावा लागतो: बिग आणि ग्रेट. शिवाय लिंग-वचनाप्रमाणे विशेषण बदलायची त्यांना सवय, त्यामुळे ‘डिफरंट्स कार्स’ ऐकायची तयारी ठेवा. मराठी शिक्षकाला हे चटकन उमगतं, कारण चांगला-चांगली-चांगले आपल्याकडेही आहेच.

तसंच ‘-ईसिमु’चं. हा शेवट जोडला की पोर्तुगीजमध्ये कुठलाही गुण पराकोटीला जातो. इंग्रजीत त्यासाठी बहुधा निराळा शब्द लागतो: खूप दमलेल्याला एक्झॉस्टेड, खूप घाणेरड्याला फिल्दी. यांच्याआधी ‘व्हेरी’ सहसा लावत नाहीत, ‘ॲब्सोल्यूटली’ लावतात.

सरावासाठी विषय विद्यार्थ्याच्या गावचा द्या. साओ पावलोला ‘तेर्रा दा गारोआ’, भुरभुर पावसाची भूमी, म्हणतात. तिथला विद्यार्थी असेल तर ढगाळ सोमवारच्या संध्याकाळचं वर्णन आठ-दहा ओळींत लिहायला सांगा. ड्रिअरी (उदासवाणं), ब्लीक आणि स्टार्क ही तिन्ही विशेषणं नेमक्या नामांसोबत आली पाहिजेत. मुसळधार सर आली तर तो ‘शूवा फोर्ची’वरून ‘स्ट्राँग रेन’ लिहील. तिथे खूण करा, ‘हेवी रेन’ त्याच्याकडूनच काढून घ्या आणि सगळा मजकूर मोठ्याने वाचायला लावा.