थंडीत कृष्णेवर गळ टाकताय? या चुका टाळा

दिवाळी सरली की कृष्णेचं पाणी निवळतं आणि सांगली जिल्ह्यात भिलवडीपासून हरिपूरपर्यंत गळ घेऊन नवी पोरं काठावर उतरतात. दर वर्षी त्याच चुका बघून जीव कासावीस होतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे वाळलेल्या गाळावर विश्वास ठेवणं. पूर ओसरल्यावर काठाला गाळाचा जाड थर राहतो. ऊन लागून वरून भेगा पडतात, पायाला कडक लागतो. हातभर खाली मात्र तो श्रीखंडासारखा मऊ असतो. एका नोव्हेंबरात हरिपूरच्या संगमाजवळ माझा मामेभाऊ "दादा, वाळलंय की सगळं!" म्हणत पुढं पळाला. सात-आठ पावलांवर मांडीपर्यंत आत गेला. तो पाय हिसकायला दुसऱ्यावर जोर दिला, तर तोही रुतला. मी ओरडलो, "हिसके देऊ नको, मागं पाठीवर रेल!" बांबू आडवा टाकून त्याला धरायला लावला, मग एकेक पाय हळूहळू हलवत सोडवला. अर्धा तास गेला. तो एकटा आला असता तर, हा विचार अजून जात नाही. तेव्हापासून काठी टोचल्याशिवाय मी पाऊल टाकत नाही. काठी वीतभर आत गेली की माघारी. हरळी रुजलेली जागा किंवा घाटाच्या पायऱ्या, एवढंच माझं ठिकाण.

दुसरी चूक उतावळेपणाची. पहाटे पाचला धुक्यात गळ टाकायचा आणि आठला "मासाच नाही" म्हणून उठायचं. माशाचं अंग पाण्याइतकंच गार असतं. पाणी गारठलं की तो कमी खातो, कमी हलतो. मी दहाच्या पुढं जातो, खोल संथ डोहात आमिष तळाशी सोडतो आणि तीनपर्यंत हलत नाही. रोहू, मृगळ थंडीत अलगद चाखतात, म्हणून गळ बारीक आणि कणकेची गोळी हरभऱ्याएवढी. लिंबाएवढा गोळा लावून झटपट मासा मिळत नसतो.

बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पाणी चढतं, म्हणून सामान वर ठेवा.

तुटलेलं तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, काठावर टाकू नका, पक्ष्यांच्या पायात अडकतं.

आणि मगर. थंडीत दुपारी ती ऊन खायला काठावर येते. ती दिसली तर त्या दिवशी गळ गुंडाळायचा. धरलेले मासे जाळीत घालून पाण्यात लोंबकळत ठेवू नका, काठाशी साफही करू नका. माझे मासे झाकणाच्या बादलीत, घाटाच्या वरच्या पायरीवर असतात.