अतिनील किरणांनी हवेतले जंतू शोधताय? या चुका टाळा

हवेतल्या कणांवर अतिनील प्रकाश टाकून त्यांची चमक मोजणारं यंत्र सुरू करून अर्धा तास होत नाही तोच ‘हवेत जंतू सापडले’ असा फोन करणारे मला दरवर्षी भेटतात. अहो, सापडली असते ती फक्त चमक. 280 नॅनोमीटरचा प्रकाश पडला की प्रथिनांतलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल साधारण 350च्या आसपास चमकतं. 370चा पडला की एनएडीएच, म्हणजे पेशींच्या ऊर्जेच्या कामातला एक रेणू, 450च्या आसपास. जंतूचं नाव त्यात कुठेच नसतं. तो जिवंत आहे की मेलेला, हेही नसतं.

एका रुग्णालयात रोज सकाळी सातला चमकणाऱ्या कणांचा आकडा उसळायचा. वॉर्ड रिकामा करायची तयारी झाली होती. मी दोन दिवस तिथे उभा राहिलो. सातला चादरी बदलत होत्या! कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे द्रव्य असतं, ते अतिनील प्रकाशात निळं चमकतं, आणि चादर झटकली की तिचे तंतू हवेत उडतात. अंधारात टॉर्चचा 365चा प्रकाश चादरीवर टाकला, तशी ती लख्ख उजळली. नोंदी पुन्हा काढल्या, तर सगळी उसळी 370च्या चॅनेलमध्ये होती; 280चं, म्हणजे ट्रिप्टोफॅनचं, चॅनेल जागचं हललंही नव्हतं. त्या लोकांनी दोन्हींची बेरीज करून एकच आलेख काढला होता. अशी बेरीज मी कुणालाच करू देत नाही. रुग्णांना हलवण्याचा निर्णय त्यावर ठरतो.

दुसरी चूक पार्श्वभूमी न मोजण्याची. पंप बंद ठेवायचा, कण नसताना दिवे चमकवायचे आणि रिकाम्या कक्षाची चमक नोंदवायची. या नोंदींची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलन (नोंदी सरासरीपासून किती विखुरतात त्याचं माप) ही नेहमीची उंबरठा-पातळी; तिच्या वर गेली तरच चमक मोजायची. गर्दीच्या रस्त्यालगत मी नऊ धरतो, कारण डिझेलच्या धुरातली संयुगंही चमकतात. हे काम मी रोज सकाळी, चहाच्याही आधी करतो. ‘गेल्या महिन्यात केलं होतं’ हे उत्तर मला चालत नाही. दिवा जुना होतो, काच मळते.

खिडकीला साधी काच लावू नका, 280चा प्रकाश तिच्यातून जवळजवळ जातच नाही, क्वार्ट्झच हवं.

उघड्या दिव्याकडे अतिनील रोखणाऱ्या चष्म्याशिवाय पाहू नका.

अगरबत्ती लावलेल्या खोलीत चाचणी नको.

आणि शेजारी हवेचा नमुना घेणारं साधन कायम चालू असू द्या. शंका आली की तोच नमुना पीसीआरला, म्हणजे जनुकांवरून जंतू ओळखणाऱ्या चाचणीला, जातो.