दोघांच्या घरासाठी डिशवॉशर निवडताना

डिशवॉशर घ्यायला गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो घरात माणसे किती, आणि दोघेच आहोत असे सांगितले की सर्वांत लहान यंत्र पुढे केले जाते. हा हिशेब मला पटत नाही. माणसे कमी असली की ताटल्या, पेले आणि चमचे कमी होतात हे खरे, पण पातेली, झाकणे, गाळणी आणि डाव दोघांच्या स्वयंपाकालाही जवळजवळ तेवढेच लागतात, आणि यंत्रातली बरीचशी जागा तीच अडवतात. म्हणून बाजारात जाण्यापूर्वी दोन दिवस एक साधा प्रयोग करावा. खरकटे काढून टाकलेली भांडी लगेच न धुता एका मोठ्या टबात गोळा करावीत आणि रात्री त्यांचा ढीग नीट पाहावा. रोज यंत्र चालवायचे की एक दिवसाआड, हे त्या ढिगाकडे पाहूनच ठरते आणि किती मोठे यंत्र हवे हेही त्यावरच ठरते.

यंत्राची क्षमता ‘प्लेस सेटिंग’मध्ये सांगतात. एक प्लेस सेटिंग म्हणजे एका माणसाला एका जेवणाला लागणाऱ्या ताटल्या, कपबशी, पेला आणि चमचे-काटे-सुरी. हा आकडा ठरावीक मापाची भांडी ठरावीक पद्धतीने रचून काढलेला असतो, त्यामुळे घरातली उभट पातेली आत ठेवली की तो कागदावरच राहतो. ओट्यावर ठेवायच्या लहान यंत्राची रुंदी साधारण ५५ सेंमी असते आणि त्यात सहा ते आठ सेटिंग मावतात. ४५ सेंमी रुंदीच्या अरुंद यंत्रात नऊ-दहा, तर ६० सेंमीच्या पूर्ण आकाराच्या यंत्रात बारा ते चौदा.

दोन्ही वेळचा स्वयंपाक घरीच होत असेल आणि जागा असेल, तर दोघांनीही ६० सेंमीचे यंत्र घेण्यात काही गैर नाही. ते एक दिवसाआड पूर्ण भरून चालवता येते. मोठे यंत्र पाणी फार खाईल ही भीती मात्र सोडून द्यावी, कारण आजच्या पूर्ण आकाराच्या यंत्राला इको, म्हणजे वीज-पाणी वाचवणाऱ्या, प्रोग्रॅमवर एका धुण्यासाठी साधारण दहा लिटर पाणी लागते आणि ओट्यावरच्या लहान यंत्रालाही पाच ते आठ लिटर लागतेच. जागा बेताची असेल तर ४५ सेंमीचे यंत्र हा दोघांसाठी सर्वांत समतोल पर्याय आहे, असे माझे मत आहे. ओट्यावरचे यंत्र भाड्याच्या घरात, किंवा खाली जागाच नसेल तेव्हा घ्यावे. त्यातल्या काहींना पाण्याची टाकी असते. तिच्यात सुमारे पाच लिटर पाणी हाताने ओतायचे असते, त्यामुळे नळजोडणीशिवाय काम भागते.

आमचे पहिले यंत्र ओट्यावरचेच होते. एका रात्री आतून एकसारखा टक्-टक् आवाज येऊ लागला. दार उघडले तेव्हा दिसले की पातेल्याचा दांडा जाळीतून खाली आला होता आणि पाणी फवारणारा फिरता हात, म्हणजे स्प्रे आर्म, त्याला अडून जागच्या जागी थबकला होता. त्या बाजूच्या वाडग्यांवर साबणाचा पांढरा थर तसाच होता. डिशवॉशर भांडी घासत नाही. गरम पाणी, डिटर्जंटमधली एन्झाइम आणि फवाऱ्याचा जोर यांवरच त्याचे सारे काम चालते, आणि फवारा जिथे पोहोचत नाही तिथे काहीच धुतले जात नाही. म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या ताटलीचा व्यास आणि सर्वांत उभट पातेल्याची उंची टेपने मोजून लिहून ठेवावी. १८८६ साली अमेरिकेत भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवणाऱ्या जोसेफिन कॉक्रेन यांनीही सुरुवात ताटल्या आणि कपांची मापे घेऊनच केली होती आणि त्या मापांचे तारांचे कप्पे बनवले होते. वरचा रॅक वर-खाली सरकवता येतो का आणि खालच्या रॅकमधल्या उभ्या दात्या आडव्या पाडता येतात का, हे पाहणे म्हणूनच फार महत्त्वाचे आहे.

प्रोग्रॅमची संख्या पाहून भुलू नये. रोजच्यासाठी इको, करपलेल्या पातेल्यांसाठी ६५ ते ७० अंशांचा इंटेन्सिव्ह आणि घाईसाठी एक छोटा, एवढे पुरते. इको प्रोग्रॅम तीन-चार तास चालतो, कारण तो पाणी कमी तापवतो आणि ती कसर वेळेने भरून काढतो. वीज वाचते ती त्यामुळेच. दोघांच्या घरात ‘हाफ लोड’, म्हणजे अर्धेच भरलेले यंत्र चालवण्याचा पर्याय, उपयोगी वाटतो, पण त्यात पाणी आणि वीज निम्मी होत नाही, त्यामुळे यंत्र भरेपर्यंत थांबणेच किफायतशीर ठरते. थांबताना अन्न वाळून घट्ट बसू नये म्हणून केवळ थंड पाण्याने विसळणारा प्रोग्रॅम असेल तर तो माझ्या लेखी हाफ लोडपेक्षा मोलाचा.

पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचे, असेल तर यंत्रात ते मृदू करणारा सॉफ्टनर आहे ना, हे आधी विचारावे. त्यातले रेझिन पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते, आणि डिशवॉशर सॉल्टमुळे ते पुन्हा ताजेतवाने होते. तिथे खाण्याचे मीठ घालू नये. त्यातल्या इतर घटकांमुळे सॉफ्टनर बिघडू शकतो. शेवटच्या विसळणीत मिसळणाऱ्या रिन्स एड या द्रवामुळे पाणी भांड्यावरून थेंब न धरता ओघळते आणि डाग पडत नाहीत. सुकवण्यासाठी शेवटी दार आपोआप किंचित उघडणारे यंत्र चांगले, तरीही प्लॅस्टिक ओलसर राहतेच, कारण ते उष्णता धरून ठेवत नाही. स्वयंपाकघर आणि बैठक एकाच खोलीत असतील तर आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा.

जागेचे माप घेताना बहुतेकांची एक चूक होते: ते यंत्राचीच रुंदी मोजतात. दार खाली उघडल्यावर पुढे आणखी साधारण ६० सेंमी जागा लागते, आणि त्यापुढे उभे राहून रॅक ओढता यायला हवा. मागे पाइपांसाठी जागा, जवळ नळ आणि सांडपाण्याची वाट, तसेच अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट हवा. एक्स्टेन्शन बोर्डवर हे यंत्र चालवू नये.

दुकानात जाताना ती मोठी ताटली आणि ते उभट पातेले पिशवीत घालून न्यावे. दोन्ही रॅकमध्ये ठेवून रॅक आत ढकलावा, मग स्प्रे आर्म बोटाने एक पूर्ण फेरी फिरवून पाहावा, आणि शेवटी तळाचा फिल्टर स्वतःच्या हाताने काढून पुन्हा बसवून पाहावा, कारण घरी दर आठवड्याला तो आपल्यालाच धुवायचा असतो.