पैठणी घेताय? आधी पदर उलटा करून बघा

लग्नसराई आली की फोनवर "ओरिजिनल येवला पैठणी फक्त १४९९" असल्या जाहिराती सुरू होतात आणि ओळखीतलं कुणी ना कुणी फसतंच, म्हणून हे नीट सांगतेय. दीड हजारात हातमागाची रेशमी पैठणी मिळत नाही हो, तेवढ्यात अख्ख्या साडीचं रेशीमसुद्धा येत नाही, मग विणकराची मजुरी कुठून निघणार?

दुकानात साडी उघडली की पहिलं काम म्हणजे पदर उलटा करा. हातमागावर मोर कसा विणतात ते कळलं की बाकी सोपं जातं. मानेचा निळा, पंखाचा हिरवा, चोचीचा लाल, प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते, विणकर ती त्या रंगापुरतीच उभ्या धाग्यांतून नेतो, तिथूनच मागे फिरवतो आणि फिरवताना शेजारच्या जरीत अडकवतो, असं एकेका ओळीला, म्हणून तर भरलेल्या पदराला महिनेच्या महिने जातात. रंग मागून लोंबत जात नाही, त्यामुळे मागची बाजू जवळपास पुढच्यासारखीच दिसते. पॉवरलूमच्या सेमी पैठणीत मात्र धागे मागून एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत धावतात नाहीतर कापलेले असतात, हात फिरवला की टोकं लागतात, अंगठी अडकते. फक्त एक लक्षात ठेवा, ब्रोकेड पैठणी हातमागावरही जेकार्ड (नक्षीसाठी हवे ते उभे धागे उचलणारं यंत्र) लावून करतात, तिच्या काठामागे धागे दिसले म्हणून ती लगेच नकली ठरवू नका, कुठल्या मागावरची ते विचारा.

मग शेजारशेजारचे दोन मोर बघा. हातचे मोर डिट्टो सेम नसतात, कुठे मान जराशी जाड, कुठे पिसारा बारीक. कडेला टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली तर घाबरू नका, मागावर कापड ताणून धरायला टोकदार पट्टी लावतात तिची ती खूण.

जरीचं स्पष्ट विचारा. अस्सल जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार, पण आता बहुतेक ठिकाणी टेस्टेड जर असते, त्यात तांबं असतं. तेवढ्याने पैठणी खोटी होत नाही, पण भाव अस्सल जरीचा लावू नये. पदराच्या टोकाचा सुटा धागा मिळाला तर जाळून बघा, रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

लेबलांचा खूप घोळ होतो. सिल्क मार्क रेशमाची खात्री देतो, हातमागाची नाही! हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा. येवला-पैठणच्या पैठणीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या खास मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन, मिळालंय, तेव्हा विकणारा किंवा विणकर जीआयचा अधिकृत वापरकर्ता आहे का तेही बिनधास्त विचारा.

सेमी पैठणी घेण्यात काहीच वाईट नाही, बजेट नसेल तर जरूर घ्या. पण तीच हातमागाची म्हणून विकली की येवल्यातला विणकर भावात मार खातो आणि त्याची पोरं माग सोडून दुसरी कामं धरतात, याचा मला खरंच खूप राग येतो.

म्हणून पक्कं बिल घ्याच, आणि त्यावर नुसतं 'साडी' नको, 'हातमाग पैठणी, प्युअर सिल्क, टेस्टेड जर' असं लिहून घ्या. लिहायला कां-कू करत असतील तर साडी तिथेच ठेवून निघा. नंतर फसवणूक कळली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, तेव्हा हेच बिल कामाला येतं.